मेलेल्या प्राण्यावरून चित्र काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात राहते आणि प्राणी-पक्ष्यांची चित्रं काढते. मुलांची पुस्तकं, पक्ष्यांचे तक्ते, अभयारण्याच्या वाटेवरचे माहितीफलक असं काम असतं. चित्रकलेचे विद्यार्थी, हौशी निसर्गप्रेमी, कधी शाळेतले ड्रॉइंगचे सर हाडं, पिसं, कवट्या आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांबद्दल वर्षानुवर्षं तेच ते विचारत आलेत. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंत्याचे नंतर. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याबद्दल लिहिलंय ते चित्रकाराच्या रोजच्या गरजेपुरतं. हातात खरोखरच एखादं प्रकरण असेल तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊनच विचारा.

१. मोबाइलवर हवे तेवढे फोटो मिळतात. मग हाडं-पिसं समोर ठेवून काढायची गरजच काय?

फोटोत एक क्षण आणि एक कोन मिळतो. पंखाचं कुठलं पीस कुठल्या हाडाला लागलंय, हे त्यात दिसत नाही. ते ठाऊक नसेल तर काढलेला पंख खांद्याला डकवल्यासारखा दिसतो. गावठी कोंबडीचा पिसांसकट एक पंख हातात धरून चार वेळा उघडमीट करा. मनगटापुढची दहा मोठी पिसं 'हाता'च्या हाडांना लागलेली आहेत, त्यामागची रांग कोपर ते मनगट या हाडाला, आणि अंगठ्याच्या जागी पिसांचा एक छोटा गुच्छ वेगळा उचलता येतो. हे एकदा बोटांना कळलं की घार असो, बगळा असो, पंख चुकत नाही. पिसांची संख्या थोडी इकडेतिकडे होते, रचना तीच राहते.

मात्र नमुना फक्त रचना शिकवतो. प्राणी उभा कसा राहतो, मान कशी वळवतो, हे जिवंत प्राण्याकडूनच घ्यावं लागतं. १६१२ साली गोव्याहून टर्की पक्षी जहांगीरच्या दरबारात आला आणि उस्ताद मन्सूरने तो चितारला. पक्षी जिवंत समोर होता, ते त्या चित्राच्या गळ्यात आणि पायांत अजून दिसतं. रंकाळ्याच्या काठावर वारकरी पक्षी बघत तासभर काढलेली वीस कच्ची रेखाटनं आणि टेबलावरचं एक हाड, दोन्ही लागतात.

२. 'एथिकल' नमुना म्हणजे नेमकं काय?

मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. हा जीव माझ्या चित्रासाठी मेला का? मी दिलेल्या पैशामुळे पुढचा एखादा मरेल का? आणि ही वस्तू जवळ ठेवायचा मला हक्क आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं 'नाही' आणि तिसऱ्याचं 'हो' असेल तरच मी वस्तू घरी आणते. बहुतेक लोक पहिल्या प्रश्नावरच थांबतात. "आपोआप मेला होता" एवढं पुरेसं वाटतं. पण आपोआप मेलेलं घुबड घरात ठेवणंही बेकायदा आहे, आणि आपोआप गळलेलं सांबराचं शिंग विकत घेतलं तरी त्या धंद्याला गिऱ्हाईक मिळतंच.

जुन्या काळी रीत वेगळी होती. अमेरिकेतला पक्षिचित्रकार ऑडुबॉन पक्षी मारायचा आणि चौकटी आखलेल्या फळीवर तारांनी हव्या त्या पवित्र्यात बसवून काढायचा. आपल्याकडचे सलीम अलीही १९०८ साली मुलगा असताना मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीचं नाव विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथल्या संग्रहाने त्यांचं आयुष्य बदललं. आज ते संग्रह तयार आहेत, कॅमेरे आहेत, दुर्बिणी आहेत. नवा जीव घ्यायचं कारण चित्रकारापाशी उरलेलं नाही.

३. कायदा थोडक्यात काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. प्राण्यांची नावं आता पहिल्या दोन परिशिष्टांत आहेत. तिसरं वनस्पतींचं, चौथं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या जातींचं.

आपल्या कामाचं कलम ३९. परिशिष्टातला वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारच्या मालकीचा. असं काही ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं, आणि परवानगीशिवाय ते ठेवता, देता किंवा नष्ट करता येत नाही. 'ट्रॉफी' या शब्दाची व्याख्याही लोकांना वाटते त्यापेक्षा फार रुंद आहे. कातडं आणि पेंढा भरलेलं मुंडकं तर त्यात आहेच, शिवाय शिंग, हाड, पीस, नख, दात, केस, अंडी, घरटं आणि मधाचं पोळंसुद्धा आहे.

दंडाची साधारण कमाल रक्कम दुरुस्तीनंतर २५ हजारांवरून १ लाख झाली. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार दंड आहे. आपला गवा पहिल्या परिशिष्टात येतो.

४. कोल्हापुरात प्राण्यांचे नमुने बघायला कुठे मिळतात?

सगळ्यात आधी न्यू पॅलेस. मेजर मँटने आराखडा केलेली ही इमारत १८८४ साली पूर्ण झाली. तिथल्या छत्रपती शहाजी संग्रहालयात संस्थानकाळातले पेंढा भरलेले वाघ, बिबटे, अस्वल, गवे, हरणं आहेत. फोटोचे नियम दाराशीच विचारून घ्या. मी तिथे स्केचबुक आणि २बी पेन्सिल एवढंच नेते. शनिवार-रविवारच्या गर्दीत एका जागी उभं राहता येत नाही, म्हणून मधल्या वारी सकाळी जाते.

त्याखालोखाल प्राणिशास्त्र शिकवणारी कॉलेजं (प्रश्न १५ पाहा). जिल्ह्याबाहेर जायची तयारी असेल तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा १८८३ पासून वाढत गेलेला संग्रह. अशा ठिकाणी आधी रीतसर पत्र लिहावं लागतं. कुठल्या जाती बघायच्यात, कशासाठी, चित्र कुठे छापणार, हे तीन मुद्दे पत्रात हवेत. "पक्षी बघायचे आहेत" एवढ्यावर कुणी कपाट उघडत नाही, आणि ते योग्यच आहे.

५. संग्रहालयातला वाघ शिकारीतला आहे. त्यावरून चित्र काढणं चुकीचं नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला फार बरं वाटतं. माझं मत असं की तो वाघ शंभरेक वर्षांपूर्वी मेला, माझ्या बघण्याने नवी शिकार होत नाही आणि तो विकाऊही नाही. उलट कुणी नीट बघून त्यातून शिकलं तर त्या मरणाचा थोडा उपयोग होतो. पण त्या पवित्र्याची नक्कल मी करत नाही. जबडा वासलेला, नाक चुरगळलेलं, पंजा उगारलेला हा शिकाऱ्याला हवा होता तो वाघ. जंगलातला वाघ बहुतेक वेळ तोंड मिटून चालत असतो.

शिवाय नमुना म्हणूनही त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. उजेडात राहून तांबूस रंग वाळल्या गवतासारखा फिका होतो. कान आणि ओठ वाळून आक्रसतात. डोळे काचेचे, ते बसवणाऱ्याच्या अंदाजाने बसतात. वाघ-बिबट्याची बाहुली गोल असते, घरच्या मांजरासारखी उभी चीर नसते, हे लक्षात ठेवा. अंगाची जाडी आतल्या साच्यावर ठरते, म्हणून पोट आणि मान मी कधीच पेंढ्याच्या प्राण्यावरून घेत नाही. विश्वास ठेवावा तो पट्ट्यांवर, केसांच्या दिशेवर, मिशांच्या रांगांवर.

आणि हात लावू नका. पूर्वी कातडी टिकवायला आर्सेनिकचा लेप लावायची पद्धत होती. ते विष अजूनही त्या केसांत असू शकतं.

६. मला अगदी पहिला नमुना कुठून मिळेल?

मटणाच्या दुकानातून. तांबड्या-पांढऱ्याच्या या गावात शरीररचनेची शाळा प्रत्येक पेठेत आहे, आपण तिच्याकडे तसं बघत नाही इतकंच. तो जीव खाण्यासाठी कापला गेलेला असतो आणि आपण मागतो ते बहुतेकदा उरलेलं असतं. पाया आणला तर खूर, खुराच्या वरचे सांधे, मागची दोन उपखुरं सगळं एका हातात मावतं. चित्रांत बोकड, हरीण, भेकर यांचे मागचे पाय नेहमी चुकतात. ज्याला लोक उलटा गुडघा म्हणतात तो खरा घोटा असतो आणि गुडघा वर पोटाशी असतो. एकदा मांडीपासून खुरापर्यंतची हाडं ओळीने मांडली की ही चूक आयुष्यभर होत नाही.

खाटीकमामांना खरं कारण सांगा. मी पहिल्यांदा संकोचून कुत्र्यासाठी हाडं मागितली होती आणि तुकडे मिळाले. चित्रासाठी हवंय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सांधा न तोडता पाय काढून दिला, वर 'आदत' (अजून दुधाचेच दात असलेला) आणि 'दोनदाती' (दोन पक्के दात आलेला) बोकडाचे दात कसे ओळखायचे तेही दाखवलं. पुढच्या वेळी मी त्यांना ते चित्र नेऊन दिलं. ते अजून दुकानात आहे.

७. बोकडाची कवटी घरी स्वच्छ कशी करायची?

मुंडी आदल्या दिवशी सांगून ठेवा: सोललेली हवी, भाजलेली नको, आणि भेजासाठी फोडायची नाही. भाजताना ज्वाळेने हाड काळं पडतं.

सुरीने निघेल तेवढं मांस काढा. नंतर दोन वाटा आहेत. घाई असेल तर मोठ्या पातेल्यात मंद आचेवर शिजवा, पाणी खळाखळा उकळू देऊ नका. कुकर तर अजिबात नको. शिट्ट्यांनी हाड ठिसूळ होतं आणि चरबी आत मुरते. सवड असेल तर झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवून गच्चीवर ठेवा. उन्हाळ्यात तीनेक आठवड्यांत मांस आपोआप सुटतं, थंडीत जास्त लागतात. वास येतो, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं. भेजा कवटीच्या मागच्या मोठ्या भोकातून पाण्याच्या धारेने निघतो. शिंगाचं वरचं टरफल भिजल्यावर हाताने सुटून येतं आणि आतला हाडाचा गाभा दिसतो. शिंग म्हणजे काय, हे त्या क्षणी जितकं समजतं तितकं कुठल्याच आकृतीवरून समजत नाही.

त्यानंतर भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात ठेवा आणि वर पिवळा तवंग यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. ही पायरी लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी कवटी पिवळी, चिकट होते. शेवटी मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात घालून एक-दोन दिवस. फरशी पुसायचं ब्लीच वापरू नका, हाड झिजतं. वाळवायचं सावलीत. पुढचे खालचे दात सुटतात ते डबीत जपून ठेवा आणि फेव्हिकॉलने परत बसवा. वरचे पुढचे दात शोधत बसू नका, बोकडाला ते नसतातच; त्या जागी कडक हिरडी असते. हातमोजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घालायचे.

८. गवा काढायचाय. बैलावरून काढला तर चालेल का?

खूर, नाकपुडी, पापण्या यांच्यासाठी चालेल. खांद्यासाठी नाही. खिलार बैलाचं वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी, ते हलतं, कधी एका बाजूला कलतं. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा पाठीच्या मणक्यांवरच्या लांब हाडांमुळे असतो. तो मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत जातो आणि तिथे एकदम खाली येतो. राधानगरीच्या वाटेवरच्या दुकानांत मी गव्याची जी चित्रं पाहिली, त्यांत निम्म्याहून जास्त गव्यांना बैलाचं वशिंड होतं. राधानगरी म्हणजे दाजीपूर अभयारण्य १९५८ पासूनचं, गव्यांसाठीच ओळखलं जाणारं, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात. निदान आपल्या जिल्ह्यातला गवा तरी आपल्याला नीट काढता यावा.

जड अंगाची जनावरं जिवंत बघायची असतील तर दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीला जा. धुऊन तेल लावलेल्या म्हशीच्या अंगावर प्रत्येक स्नायू चमकतो. गाय-बैलांची हाडं मात्र मी गोळा करत नाही. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, आणि हाड कुठून आलं हे सिद्ध करत बसण्यापेक्षा जिवंत बैलावरून काढलेलं केव्हाही चांगलं.

९. मासे काढताना रंग लगेच उतरतो. काय करावं?

आधी रंग, मग आकार. बाजारात मिळतो तो मासा मरून बराच वेळ झालेला असतो, म्हणून डोळा अजून फुगीर आणि पारदर्शक असलेला निवडा. घरी आल्या आल्या ओल्या फडक्यावर ठेवून नैसर्गिक उजेडात फोटो घ्या आणि पहिल्या दहा मिनिटांत फक्त रंगांच्या पट्ट्या कागदावर उतरवून ठेवा. नंतर थर्माकोलवर टाचण्यांनी पर पसरून काटे मोजा. बांगड्याच्या शेपटीआधी बारीक परांची रांग असते ती विसरू नका. बर्फाची पिशवी खाली ठेवली तर दोन-तीन तास मिळतात. मग कालवण.

१०. आमच्या घरात हाडं-मांस चालत नाही. आई उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही.

मग आणू नका. कोल्हापुरात जैन आणि लिंगायत घरांतली कितीतरी मुलं चित्रकला शिकतात, त्यांनी घरच्यांशी भांडून हाडं आणावीत असं मी कधीच सांगत नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने २०२० साली आपला मोठा संग्रह मुक्त वापरासाठी खुला केला. त्यात कवट्यांची त्रिमितीय मॉडेलं आहेत, मोबाइलवर बोटाने फिरवून हव्या त्या कोनातून काढता येतात. रेझिनच्या प्रतिकृतीही चालतात. आणि प्रश्न ४ मधली संग्रहालयं आहेतच.

११. गगनबावड्याच्या रस्त्यावर मेलेला प्राणी दिसला. उचलून आणू का?

नाही. कायद्याचं कारण प्रश्न ३ मध्ये आहे. दुसरं कारण तब्येतीचं: रेबीज, बर्ड फ्लू, गोचिड्या.

गाडी बाजूला, इंडिकेटर चालू, आणि स्वतः सुरक्षित असाल तर फोटो घ्या. फोटोत माप हवं म्हणून शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. वरून, बाजूने, पंजा, डोकं असे वेगवेगळे फोटो. फोटो काढला म्हणजे प्राणी ताब्यात घेतला असं होत नाही, त्यावरून चित्र काढायला पूर्ण मोकळीक आहे. मग वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला जागा कळवा.

पंचवीस वर्षांपूर्वी मी एक गव्हाणी घुबड असंच उचलून आणलं होतं. चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून त्याच्या चेहऱ्याची तबकडी पीस न् पीस काढली. चित्र चांगलं झालं. नियम मला नंतर कळला, आणि ते चित्र मी कुठेही छापलं नाही.

१२. मोरपीस तर सगळ्यांच्या देवघरात असतं. मग बाकीची पिसं का नाही?

मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात खास सवलत आहे, देशात ती बाळगता येतात, निर्यात मात्र बंद. घेताना पिसाचं टोक बघा: आपोआप गळलेल्याचं टोक कोरडं, स्वच्छ असतं, उपटलेल्याला रक्ताचा डाग असू शकतो. बाकी वन्य पक्ष्यांची पिसं 'ट्रॉफी'च्या व्याख्येत येतात. खंड्याचं निळं पीस सापडलं तर जागेवरच दोन्ही बाजू उन्हात आणि सावलीत बघा. तो निळा रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या रचनेतून उजेड विखुरल्यामुळे दिसतो, म्हणून उजेड बदलला की वेगळा भासतो. ते बघणं हाच त्या पिसाचा खरा उपयोग.

घरी ठेवायला पिसं हवी असतील तर कोंबडी, बदक, आणि पेठांमधून कबुतरं पाळणाऱ्यांकडची गळालेली पिसं मागा. ते लोक आनंदाने देतात.

१३. सुगरणीचं सोडलेलं घरटं, सापाची कात, गळालेलं शिंग? यात तर कुणीच मेलेलं नाही.

म्हणूनच हा प्रश्न अवघड वाटतो. घरटं 'ट्रॉफी'च्या व्याख्येत नावानिशी आहे. शिंगाचंही तसंच, गळून पडलेल्याला वेगळी सूट नाही. कारण उघड आहे: टेबलावर ठेवलेलं शिंग गळालेलं की कापलेलं, हे घेणाऱ्याला सांगता येत नाही. कातही मी जागेवरच काढते. पोटाकडचे रुंद खवले आणि पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा फोटोत नीट मोजता येतात.

ता. क. हरणांच्या शिंगांना लोक बोकडाच्या शिंगांसारखं काढतात. सांबर-चितळाचं शिंग भरीव हाडाचं असतं, फक्त नराला येतं आणि गळून पुन्हा येतं. प्रश्न ७ मधलं टरफलाचं शिंग आयुष्यभर टिकतं.

१४. मालवणहून शंख-शिंपले आणले तर?

साधे शिंपले ठीक. पण प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा आणि काही मोठे शंख कायद्याने संरक्षित आहेत, आणि किनाऱ्यावरच्या दुकानात ते विकायला असले म्हणून कायदेशीर ठरत नाहीत. दुकानातल्या चकचकीत मोठ्या शंखांतला जीव बहुतेकदा जिवंतपणी काढलेला असतो. वाळूवर सापडलेला, झिजलेला, रिकामा शिंपला उचला. त्यात खेकडा राहायला आलेला नाही ना, हे आधी बघा.

१५. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या कशा वापरायच्या?

विभागप्रमुखांना पत्र देऊन, तिथेच बसून. २०१४ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद केलं, त्यामुळे बहुतेक बरण्या त्याआधीच्या आहेत आणि नव्याने कुणी मारत नाही. रंग त्यांच्यावरून घेऊ नका, फॉर्मॅलिनमध्ये सगळं मळकट पिवळं होतं. प्रमाण घ्या, बोटं मोजा, पडदे बघा. काचेच्या गोलाईमुळे आकार रुंद दिसतो, म्हणून अगदी समोरून आणि बरणीच्या मध्यावर असलेला भागच मोजा. झाकण उघडायचा हट्ट धरू नका. ती वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असते.

१६. दिव्याखाली मेलेले पतंग, फुलपाखरं चालतात का?

घरातल्या दिव्याखालचे किडे, झुरळं, माश्या यांवर भिंगातून सराव करा. फुलपाखरांच्या बाबतीत मी सावध असते, कारण कित्येक जातींची नावं परिशिष्टांत आहेत आणि नवख्याला त्या ओळखता येत नाहीत. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत पावसाळ्यानंतर आंबा घाटात, दाजीपुरात सहज दिसतं. चौकटीत टाचलेली फुलपाखरं विकत घेऊ नका.

१७. ऑनलाइन 'एथिकली सोर्स्ड' कवट्या मिळतात. मागवू का?

त्या शब्दांना आपल्या कायद्यात काही अर्थ नाही. परदेशातून आलेल्या पार्सलला आयातीचे आणि आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात, ते नसतील तर जबाबदारी मागवणाऱ्याची. देशातल्या विक्रेत्याला विचारा: कुठली जात, कुठून, कागद कुठे? उत्तर गोलगोल आलं की तिथेच थांबा. 'हत्था जोडी' म्हणून विकली जाणारी मुळी खरं तर घोरपडीचा अवयव असतो, हे ठाऊक असू द्या. एका विद्यार्थ्याने ती 'वनस्पतीचा नमुना' म्हणून माझ्याकडे आणली होती.

१८. आणि ब्रश? केसांचे ब्रश वापरणं चालतं का?

हा प्रश्न मला कमी लोक विचारतात, खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. मुंगसाच्या केसांचे ब्रश बेकायदा आहेत. ते मिळवायला मुंगसं मारली जातात. २०१९ साली 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे पडले होते. केस गडद-फिकट पट्ट्या-पट्ट्यांचे दिसतात. विक्रेता नाव न घेता 'ओरिजिनल हेअर' म्हणतो. नायलॉन-टॅकलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे आजचे ब्रश जलरंगालाही पुरतात. ज्या प्राण्याचं चित्र काढतोय त्याच्याच भाईबंदांच्या केसांनी ते रंगवायचं, हे मला सहन होत नाही.

१९. आमच्या वाड्यात पणजोबांच्या शिकारीचं बिबट्याचं मुंडकं आहे. त्यावरून काढू का?

काढा, पण आधी घरात मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते शोधा. अशा वस्तूंची नोंद करायची शेवटची मोठी संधी २००३ साली दिली होती. वारसाने आलेली नोंदलेली वस्तू असेल तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवायचं असतं. विकता येत नाही, भेट देता येत नाही. ठेवायची इच्छा नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने सरकारजमा करायची सोय केली आहे. कागद नसतील तर सोशल मीडियावर फोटो टाकण्याआधी वकिलाशी आणि वनखात्याशी बोला.

कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, त्यांतले बरेच आफ्रिकेतून आणलेले. एखाद्या घरी चित्त्याचं कातडं निघालं तर चित्राखाली 'भारतीय चित्ता' असं बेधडक लिहू नका.

२०. मित्र सर्पमित्र आहे. पकडलेला नाग समोर फणा काढून धरायला तयार आहे.

नको. साप पकडतात तो माणसांपासून दूर नेऊन लवकर सोडण्यासाठी. तो चित्रासाठी एक मिनिट जरी जास्त थांबवला तरी ते प्रदर्शन होतं, आणि धोका तुम्हालाही असतो. सोडण्याआधी मित्राने नियमात राहून घेतलेले फोटो मागा. नागाच्या वरच्या ओठावरचा तिसरा खवला डोळ्याला आणि नाकाच्या खवल्याला टेकतो; फोटोत तेवढं स्पष्ट दिसलं तर बाकी चेहरा बसवता येतो.

२१. चित्राखाली संदर्भ लिहावा का?

हो. 'संग्रहालयातील जुन्या नमुन्यावरून', 'पाळीव बोकडाच्या कवटीवरून', 'छायाचित्रकाराच्या परवानगीने' अशी एक ओळ. दुसऱ्याच्या फोटोवरून हुबेहूब काढलं तर परवानगी लागतेच, तो नमुना मेलेला असो की जिवंत. एका प्रकाशकाने माझ्या चित्राखालची ही ओळ जागा नाही म्हणून काढली. त्यानंतर मी ती चित्राच्या चौकटीच्या आत, कोपऱ्यात हाताने लिहू लागले.

२२. माझी मांजर काल गेली. तिची कवटी ठेवावी असं वाटतं. हे विचित्र आहे का?

अजिबात नाही. पाळीव प्राण्याला वन्यजीव कायदा लागत नाही, तेव्हा तुमचं मन आणि घरच्यांचं मन एवढंच बघायचं. रेबीजची किंवा दुसऱ्या संसर्गाची शंका असेल तर मात्र पशुवैद्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पुरायचं ठरवलंत तर जागा नीट खूण करून ठेवा. वर्षभराने माती उकरून कवटी काढणारे लोक मला माहीत आहेत, आणि न काढणारेही.

पण आज जे करता येईल ते आजच करा. पुरण्याआधी एक तास तिच्याजवळ बसा. पंजाची गादी, कानाच्या काठावरची ती दुहेरी घडी, हनुवटीखालचे मऊ केस. कागद कुठलाही चालेल. माझा कुत्रा गेला तेव्हा मी बिलाच्या मागच्या बाजूवर त्याचा पुढचा पंजा काढला होता. त्यानंतर काढलेल्या प्रत्येक कोल्ह्या-लांडग्याच्या पंजासाठी मी आधी तो कागद बाहेर काढते.